क्रियापदाशेजारची जागा सर्वनामाची

नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रात शिकाऊ उमेदवार म्हणून दाखल होणारी बरीच मुले मराठी माध्यमातून शिकलेली असतात. दहावीनंतर आयटीआय किंवा सामनगावच्या शासकीय तंत्रनिकेतनातली पदविका, आणि मग एकदम समोर येतात इंग्रजीतली यंत्रांची माहितीपुस्तके, कामाचे परवाने, नोंदवह्या आणि भिंतीवरच्या सूचना. राज्यात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासूनच शिकवले जाते, त्यामुळे शब्दांची टंचाई या मुलांना नसते. 'कीप', 'मेक', 'ओपन', 'ड्राय', 'सेफ' हे सगळे शब्द ओळखीचे असतात. पण 'हे कोरडं ठेव' किंवा 'त्यांनी मला सावध केलं' असे साधे वाक्य इंग्रजीत करायची वेळ आली की शब्द जागा सोडून बसतात. 'मेड टू मी अलर्ट', 'कीप ड्राय इट', 'पुट इट ओपन' अशी वाक्ये तोंडातून जातात आणि बोलणारा स्वतःच अडखळतो.

ही अडचण एकलहऱ्यापुरती नाही. सातपूर, अंबड, सिन्नरच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांना, स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांना आणि मुलांचा अभ्यास घेणाऱ्या आई-वडिलांनाही ती भेटते. म्हणून या लेखात एकच बांधणी नीट उलगडून पाहू: क्रियापद, त्याच्या पाठोपाठ कर्म म्हणून येणारे सर्वनाम आणि त्या कर्माची अवस्था सांगणारे विशेषण. ही बांधणी पक्की झाली की रोजच्या बोलण्यातली शेकडो वाक्ये आपोआप सरळ होतात.

तीन जागा

आधी ही वाक्ये मोठ्याने वाचा.

हे कोरडं ठेव. – कीप इट ड्राय.
त्यांनी मला सावध केलं. – दे मेड मी अलर्ट.
लोक त्याला वेडा म्हणाले. – पीपल कॉल्ड हिम मॅड.
आम्हाला एकटं सोडा. – लीव्ह अस अलोन.
त्यांना मोकळं सोड. – सेट देम फ्री.

प्रत्येक इंग्रजी वाक्यात क्रियापदानंतर लगेच सर्वनाम आले आहे आणि सर्वनामानंतर विशेषण. या तीन जागांचा क्रम कधीच बदलत नाही. मराठीत क्रियापद बहुधा शेवटी येते आणि शब्द थोडे इकडेतिकडे झाले तरी बिघडत नाही. 'ते उघडं ठेव', 'उघडं ठेव ते', 'ते ठेव उघडं' या तिन्ही तऱ्हा आपण बोलतो आणि ऐकणाऱ्याला त्या कळतात. इंग्रजीत मात्र 'कीप इट ओपन' एवढी एकच तऱ्हा चालते.

मराठी व्याकरणात नामाच्या आधी येणाऱ्या विशेषणाला अधिविशेषण आणि नामानंतर येऊन त्याच्याविषयी विधान करणाऱ्या विशेषणाला विधिविशेषण म्हणतात. 'उघडं दार' मधले 'उघडं' हे अधिविशेषण आणि 'दार उघडं ठेव' मधले 'उघडं' हे विधिविशेषण. म्हणजे ही कल्पना आपल्याला शाळेपासून माहीत आहे. शिकायचे आहे ते इंग्रजीतले तिचे ठिकाण.

एका बाबतीत इंग्रजी मराठीहून सोपी आहे. आपण 'दार उघडं', 'खिडकी उघडी', 'दरवाजे उघडे' असे विशेषण लिंग-वचनाप्रमाणे बदलतो. इंग्रजीत तिन्हीकडे 'ओपन'च राहते. कर्म कोणतेही असो, विशेषणाला हात लावायचा नाही.

'ला' दिसला की 'टू' घालू नका

मराठी माणसाच्या इंग्रजीत सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे हा जादा 'टू'. 'मला', 'त्याला', 'आम्हाला' यांतल्या 'ला' प्रत्ययासाठी मन आपोआप 'टू' शोधते आणि 'ही मेड टू मी अँग्री', 'दे कॉल्ड टू हिम मॅड' अशी वाक्ये तयार होतात.

मराठीत कर्म कोणते ते प्रत्ययावरून कळते. इंग्रजीत ते दोन गोष्टींवरून कळते: शब्दाची जागा आणि सर्वनामाचे रूप. 'आय' चे 'मी' होते, 'वी' चे 'अस', 'ही' चे 'हिम', 'शी' चे 'हर' आणि 'दे' चे 'देम'. 'यू' आणि 'इट' तसेच राहतात. या बदललेल्या रूपातच 'ला' आलेला असतो. 'हिम' म्हणजेच 'त्याला'. त्याच्या आधी 'टू' लावणे म्हणजे एकाच शब्दाला दोनदा प्रत्यय लावणे.

लहान मुलांना शिकवताना एक गोष्ट मुद्दाम सांगावी. इंग्रजी 'मी' आणि मराठी 'मी' कानाला सारखेच लागतात, पण इंग्रजी 'मी' म्हणजे मराठी 'मला'. मराठी 'मी' साठी इंग्रजीत 'आय'. हा गोंधळ पहिली-दुसरीतच मिटवला तर पुढची वाट सोपी होते.

'टू' कधी योग्य? देण्याच्या क्रियापदांत वस्तू आधी आणि माणूस नंतर आला तर: 'गिव्ह इट टू मी'. 'से' या क्रियापदानंतरही माणसाच्या आधी 'टू' लागतो. पण करणे, ठेवणे, म्हणणे, समजणे या अर्थाच्या ज्या क्रियापदांविषयी आपण बोलत आहोत, त्यांच्यात कर्माआधी 'टू' येत नाही.

'मला' कधी 'मी', कधी 'आय'

ही दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहा.

त्याने मला नाराज केलं. – ही मेड मी अनहॅपी.
मला तो प्रामाणिक वाटतो. – आय फाइंड हिम ऑनेस्ट.

दोन्हीकडे 'मला' आहे, पण पहिल्यात त्याचे 'मी' झाले आणि दुसऱ्यात 'आय'. पहिल्या वाक्यात करणारा 'तो' आहे. दुसऱ्यात 'वाटणे' हे क्रियापद आहे, आणि मराठीत ज्याला वाटते त्याला आपण 'ला' लावतो. इंग्रजीत 'फाइंड', 'थिंक', 'कन्सिडर', 'लाइक' या क्रियापदांचा कर्ता ज्याला वाटते तोच असतो. म्हणून 'मला' चे 'आय' होते आणि 'तो' चे 'हिम'. माणसांची अदलाबदल होते.

म्हणून 'मला' दिसताच घाईने 'मी' लिहू नका. आधी क्रियापद पाहा. 'वाटणे', 'आवडणे' असेल तर वाक्य उलटवा. 'तिला ते अवघड वाटतं' हे 'शी फाइंड्स इट डिफिकल्ट' होते. 'आम्हाला चहा गरम आवडतो' हे 'वी लाइक अवर टी हॉट' होते, आणि चहाचा विषय आधीच निघालेला असेल तर 'वी लाइक इट हॉट'.

पंप, मोटर, यंत्र: सगळे 'इट'

मराठीत पंप 'तो', मोटर 'ती' आणि यंत्र 'ते'. त्यामुळे 'ती चालू ठेव' चे 'कीप हर रनिंग' आणि 'तो स्वच्छ कर' चे 'क्लीन हिम' होऊन जाते. इंग्रजीत निर्जीव वस्तूला लिंग नसते. पंप, मोटर, यंत्र, भिंत, रस्ता, पुस्तक सगळ्यांना 'इट'. अनेक वस्तू असतील तर 'देम'.

याच्या उलट चूक आदरार्थी अनेकवचनामुळे होते. साहेब, सर, आजोबा यांच्याविषयी आपण 'त्यांना' म्हणतो आणि ते योग्यच आहे. पण इंग्रजीत एका माणसासाठी 'देम' वापरले तर ऐकणाऱ्याला अनेक माणसे वाटतात. 'आमच्या उशिरामुळे सरांना राग आला' हे 'अवर डिले मेड हिम अँग्री' असे होईल. बाई असतील तर 'मेड हर अँग्री'. 'हिम' म्हटल्याने सरांचा मान कमी होत नाही. इंग्रजीत आदर 'सर', 'प्लीज', 'कुड यू' अशा शब्दांतून आणि बोलण्याच्या सुरातून दाखवतात.

तीन कुटुंबे: करणे, ठेवणे, समजणे

ही बांधणी घेणारी क्रियापदे पाठ करण्यापेक्षा अर्थाने गटांत लावली तर जास्त लक्षात राहतात.

पहिला गट घडवून आणण्याचा. यात 'मेक' सर्वांत पुढे. 'द न्यूज मेड देम हॅपी.' 'द नॉइज ड्रोव्ह हिम मॅड.' 'गेट इट रेडी.' 'सेट हर फ्री.' मराठी 'करणे' साठी 'डू' सुचतो, पण 'डू' ही बांधणी घेत नाही. 'डू मी हॅपी' चुकीचे, 'मेक मी हॅपी' बरोबर. जिथे स्वतंत्र क्रियापद आहे तिथे मात्र 'मेक'ही घालू नये. 'ते स्वच्छ कर' साठी 'क्लीन इट', 'ते वाळव' साठी 'ड्राय इट', 'ते उघड' साठी 'ओपन इट' पुरेसे आहे. 'मेक इट ओपन' कोणी म्हणत नाही.

दुसरा गट ठेवण्याचा: 'कीप', 'लीव्ह' आणि 'होल्ड'. मराठीत 'ठेवणे' हे एकच क्रियापद दोन कामे करते. 'टेबलावर ठेव' मध्ये वस्तू जागेवर ठेवायची आहे, तिथे 'पुट'. 'उघडं ठेव' मध्ये अवस्था टिकवायची आहे, तिथे 'कीप'. म्हणून 'पुट इट ऑन द टेबल', पण 'कीप इट ओपन'. 'राहू दे' असा अर्थ असेल तर 'लीव्ह': 'लीव्ह इट ओपन' म्हणजे उघडे आहे, तसेच राहू दे, हात लावू नको. 'कीप इट ओपन' म्हणजे बंद होऊ देऊ नको, लक्ष ठेव. यंत्राजवळ काम करणाऱ्याला हा फरक माहीत असायलाच हवा, कारण पहिल्या सूचनेत काहीही करायचे नाही आणि दुसरीत जबाबदारी आहे. 'होल्ड इट स्टेडी' म्हणजे ते हलू न देता धरून ठेव. शिडी धरणाऱ्याला हेच सांगतात.

तिसरा गट समजण्याचा आणि म्हणण्याचा: 'फाइंड', 'कन्सिडर', 'थिंक', 'बिलीव्ह', 'कॉल', 'डिक्लेअर', 'प्रूव्ह'. 'द कोर्ट फाउंड हिम गिल्टी' म्हणजे न्यायालयाने त्याला दोषी ठरवले. 'वी कन्सिडर इट सेफ' म्हणजे आम्ही ते सुरक्षित मानतो. या गटात 'रिगार्ड' आणि 'ट्रीट' वेगळे वागतात. त्यांना मध्ये 'ॲज' लागतो: 'रिगार्ड हिम ॲज ऑनेस्ट'. 'फाइंड' आणि 'कॉल' यांच्याबरोबर 'ॲज' घालू नका.

या गटांचे महत्त्व वीज केंद्राच्या परिसरात वेगळे सांगायला नको. १९७० मध्ये सुरू झालेले एकलहऱ्याचे केंद्र आज महानिर्मितीचे आहे आणि १९७९ ते १९८१ या काळात उभ्या राहिलेल्या २१० मेगावॉटच्या तीन संचांमुळे त्याची क्षमता ६३० मेगावॉट आहे. अशा ठिकाणी 'डेड' आणि 'लाइव्ह' ही दोन विशेषणे जीवनमरणाची असतात. विद्युत सुरक्षेच्या नियमांत 'डेड' म्हणजे जमिनीच्या विभवावर किंवा त्याच्या जवळपास असलेला आणि प्रवाह असलेल्या कोणत्याही यंत्रणेपासून तोडलेला भाग. 'मेक इट डेड' म्हणजे त्यातला प्रवाह तोड. 'प्रूव्ह इट डेड' म्हणजे प्रवाह नाही हे चाचणी करून सिद्ध कर. आणि तोपर्यंत 'ट्रीट इट ॲज लाइव्ह', म्हणजे प्रवाह आहे असेच समजून वाग. ही तीन छोटी वाक्ये समजणाऱ्या माणसाला विजेच्या सुरक्षिततेचा पाया समजलेला असतो.

तिसऱ्या जागेवर विशेषणच हवे

आपण मराठीत इंग्रजी शब्द सर्रास वापरतो: 'मला टेन्शन आलं', 'मी कन्फ्यूज झालो', 'बोअर होतंय'. मराठीत हे रूढ झाले आहे, त्यात काही वावगे नाही. पण तेच शब्द उचलून इंग्रजी वाक्यात ठेवले की फसगत होते.

'इट मेड मी टेन्शन' चुकीचे, कारण 'टेन्शन' हे नाम आहे. विशेषण 'टेन्स': 'इट मेड मी टेन्स'. 'ही मेड मी कन्फ्यूज' चुकीचे, कारण 'कन्फ्यूज' हे क्रियापद आहे. 'ही कन्फ्यूज्ड मी' म्हणा किंवा 'ही मेड मी कन्फ्यूज्ड' म्हणा. 'आय फाइंड इट बोअर' चुकीचे. काम कंटाळवाणे असेल तर 'आय फाइंड इट बोरिंग'. कंटाळलेला माणूस 'बोअर्ड' आणि कंटाळा आणणारी गोष्ट 'बोरिंग'. मुलाखतीत 'आय ॲम बोरिंग' म्हटले तर आपण स्वतःलाच कंटाळवाणे म्हटल्यासारखे होते, हे नोकरीच्या उमेदवारांनी पक्के लक्षात ठेवावे.

दुसरी चूक म्हणजे विशेषणाऐवजी क्रियाविशेषण घालणे. 'मेक मी हॅपिली' असे कधीच होत नाही. काही ठिकाणी दोन्ही चालतात, पण अर्थ बदलतो. 'शी फाउंड इट इझी' म्हणजे तिला ते सोपे वाटले. 'शी फाउंड इट इझिली' म्हणजे ते तिला सहज सापडले. पहिल्यात 'इझी' हे 'इट' विषयी बोलते, दुसऱ्यात 'इझिली' शोधण्याविषयी बोलते. एवढा प्रश्न स्वतःला विचारला की चूक टळते: मला वस्तूची अवस्था सांगायची आहे की क्रियेची पद्धत?

ढकलून उघडले, पुसून स्वच्छ केले

या बांधणीचा सर्वांत सुंदर भाग इथे आहे. मराठीत एक क्रिया करून तिचा परिणाम सांगायचा असेल तर आपण दोन क्रियापदे वापरतो आणि पहिल्याला 'ऊन' लावतो. इंग्रजी पहिले क्रियापद ठेवते आणि परिणाम विशेषणात सांगते.

ढकलून उघडलं. – पुश्ड इट ओपन.
पुसून स्वच्छ केलं. – वाइप्ड इट क्लीन.
हलवून जागं केलं. – शुक हिम अवेक.
कापून आखूड केलं. – कट इट शॉर्ट.
रंगवून पांढरं केलं. – पेंटेड इट व्हाइट.

मराठी माध्यमातल्या मुलांना ही वाक्ये वाचताना कळतात, पण लिहिताना सुचत नाहीत. ती 'ही पुश्ड इट अँड ओपन्ड इट' असे लिहितात. ते चुकीचे नाही, पण लांब आहे. 'ऊन' असलेले मराठी वाक्य दिसले की विचारा: शेवटी वस्तूची अवस्था काय झाली? ती अवस्था सांगणारे विशेषण शोधा आणि सर्वनामानंतर ठेवा.

इंग्रजीत याहून पुढची एक पायरी आहे. 'ओरडून ओरडून त्याचा घसा बसला' हे इंग्रजीत 'ही शाउटेड हिमसेल्फ होर्स' असे होते. 'शाउट' ला एरवी 'हिमसेल्फ' असे कर्म लागत नाही, पण परिणाम सांगण्यासाठी इंग्रजी ते आणते. अशी वाक्ये आधी वाचनात ओळखायला शिका. वापरण्याची घाई नको.

या रचनेसारखीच दिसणारी पण अर्थाने वेगळी अशी आणखी एक तऱ्हा आहे. 'ईट इट हॉट' म्हणजे गरम असतानाच खा. इथे खाण्यामुळे ते गरम होत नाही. विशेषण परिणाम सांगत नाही, त्या वेळची अवस्था सांगते. औषधाच्या आणि खाद्यपदार्थांच्या पाकिटांवर अशा सूचना असतात: 'सर्व्ह इट कोल्ड', 'टेक इट वॉर्म'. शब्दांचा क्रम मात्र तोच.

'स्विच इट ऑफ', 'स्विच ऑफ इट' नव्हे

'ऑफ', 'ऑन', 'अप', 'डाऊन', 'आउट' हे शब्द क्रियापदाला जोडून येतात तेव्हाही सर्वनाम आपली जागा सोडत नाही. 'पंप बंद कर' हे 'स्विच ऑफ द पंप' किंवा 'स्विच द पंप ऑफ' असे दोन्ही प्रकारे म्हणता येते. पण पंपाऐवजी 'इट' आले की 'स्विच इट ऑफ' एवढेच बरोबर. 'शट इट डाऊन', 'टर्न इट ऑन', 'पिक देम अप', 'राइट इट डाऊन' ही सगळी त्याच साच्यातली.

विशेषणांबाबतही हेच घडते. बातम्यांत 'द गव्हर्नमेंट मेड पब्लिक द रिपोर्ट' असे वाक्य दिसेल. कर्म मोठे किंवा जड असेल तर इंग्रजी त्याला शेवटी सरकू देते. पण 'रिपोर्ट' च्या जागी सर्वनाम आले की 'मेड इट पब्लिक' हाच क्रम. सर्वनाम लहान असते, आधीच माहीत असलेल्या गोष्टीकडे बोट दाखवते, म्हणून ते क्रियापदाला चिकटूनच राहते.

मग 'लुक ॲट इट' मध्ये 'इट' शेवटी का? त्याची एक सोपी कसोटी आहे. नाम मध्ये घालून पाहा. 'स्विच द पंप ऑफ' चालते, म्हणून सर्वनामही मध्येच: 'स्विच इट ऑफ'. 'लुक द मीटर ॲट' चालत नाही, म्हणून सर्वनाम शेवटी: 'लुक ॲट इट', 'वेट फॉर हिम', 'लुक आफ्टर देम'. ही कसोटी एकदा हातात आली की प्रत्येक शब्दसमूह वेगळा पाठ करावा लागत नाही.

जागा भरणारा 'इट'

मराठीत 'पहाटे उठणं मला अवघड जातं' असे आपण म्हणतो. इंग्रजीत 'आय फाइंड डिफिकल्ट टू गेट अप अर्ली' असे लिहून भागत नाही, कारण क्रियापदाशेजारची जागा रिकामी राहते. तिथे 'इट' बसवावा लागतो: 'आय फाइंड इट डिफिकल्ट टू गेट अप अर्ली.' हा 'इट' पुढे येणाऱ्या 'टू गेट अप अर्ली' साठी जागा धरून ठेवतो. त्याचप्रमाणे 'धुरामुळे श्वास घेणं कठीण झालं' हे 'द स्मोक मेड इट हार्ड टू ब्रीद', आणि 'उद्या सुट्टी नाही हे साहेबांनी स्पष्ट केलं' हे 'ही मेड इट क्लिअर दॅट टुमॉरो वॉज नॉट अ हॉलिडे'.

मराठीत संदर्भातून कळणारे कर्म आपण सहज गाळतो. 'स्वच्छ ठेव', 'बंद कर', 'तयार ठेव' एवढे पुरते. भिंतीवरच्या सूचनेत इंग्रजीतही 'कीप क्लीन' चालते, पण बोलताना आणि लिहिताना 'कीप इट क्लीन' असेच हवे. इंग्रजी परीक्षेतले अनेक गुण या एका 'इट' अभावी जातात.

कर्मणी प्रयोगात काय होते

सुरक्षा फलकांवर आणि बातम्यांत कर्मणी वाक्ये जास्त भेटतात. 'कीप द गेट क्लोज्ड' चे 'द गेट मस्ट बी केप्ट क्लोज्ड' होते. 'द कोर्ट फाउंड हिम गिल्टी' चे 'ही वॉज फाउंड गिल्टी' होते. सर्वनाम वाक्याच्या सुरुवातीला जाते आणि 'हिम' चे 'ही' होते. विशेषण मात्र क्रियापदानंतरच राहते. असे वाक्य वाचून अर्थ लागला नाही तर ते मनातल्या मनात मूळ रूपात आणा: कोणी, कोणाला, कसे केले? तीन उत्तरे मिळाली की वाक्य सुटले.

सराव कसा करावा

आपल्याकडे अनेक पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकल्या. मराठी वाक्य, त्याचे इंग्रजी वाक्य, मग उलट, ही ती रीत. या बांधणीसाठी ती रीत आजही उपयोगी आहे, फक्त शब्दाला शब्द न लावता साच्याला साचा लावायचा. 'तिने मला शांत केलं' हे आधी 'कोणी – काय केलं – कोणाला – कसं' या क्रमात लावा: तिने, केलं, मला, शांत. मग इंग्रजी शब्द बसवा: 'शी मेड मी काम'.

क्रियापदांचे असे साचे शिकवण्याला मोठे बळ दिले ते ए. एस. हॉर्नबी या इंग्रज शिक्षकाने. १९२४ पासून ते जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते. जपानी भाषेतही मराठीसारखेच क्रियापद शेवटी येते, त्यामुळे त्यांच्या विद्यार्थ्यांपुढेही शब्दांच्या क्रमाची हीच अडचण होती. हॉर्नबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४२ मध्ये तयार केलेला शब्दकोश पुढे ऑक्सफर्डने १९४८ मध्ये काढला आणि शिकणाऱ्यांसाठीचा तो कोश आजही जगभर वापरात आहे. अशा कोशात क्रियापदाखाली 'एसबी' म्हणजे 'समबडी' आणि 'एसटीएच' म्हणजे 'समथिंग' असे लिहून पुढे विशेषण येते की नाही ते दाखवलेले असते. शब्दाचा अर्थ पाहून कोश मिटू नका. त्याखालचा साचा आणि एक उदाहरण वहीत उतरवून घ्या.

खालची वाक्ये वहीत इंग्रजीत करून पाहा आणि मग उत्तरे ताडून पाहा.

१. मला ते महाग वाटतं.
२. खिडक्या बंद ठेव. (सर्वनाम वापरून)
३. या बातमीने आम्हाला दुःख झालं.
४. तिने ते धुऊन स्वच्छ केलं.
५. त्याला एकटं राहू दे.
६. ते (यंत्र) बंद कर.
७. आई-बाबांना माझा अभिमान वाटावा असं मला करायचं आहे.
८. ते लवकर संपवणं मला शक्य वाटतं.

उत्तरे: १. आय फाइंड इट एक्स्पेन्सिव्ह. २. कीप देम शट. ३. दिस न्यूज मेड अस सॅड. ४. शी वॉश्ड इट क्लीन. ५. लीव्ह हिम अलोन. ६. स्विच इट ऑफ. ७. आय वॉन्ट टू मेक देम प्राउड. ८. आय थिंक इट पॉसिबल टू फिनिश इट अर्ली.

सातव्या वाक्यातले 'देम' खऱ्या अनेकवचनाचे आहे, कारण आई आणि बाबा दोघे आहेत. आठव्यात 'इट' गाळला असेल तर आधीचा भाग पुन्हा वाचा.

घरी मुलांचा अभ्यास घेणाऱ्यांना एक विनंती. मूल चुकले की लगेच नियम सांगू नका. 'दार उघडं ठेव', 'पाणी गरम कर', 'हे मला अवघड जातं' अशी घरातलीच वाक्ये द्या आणि तीन जागा विचारा: क्रियापद कोणते, कोणाला किंवा कशाला, आणि ते कसे? कारखान्यात काम करणाऱ्यांनी आपल्या विभागातल्या सूचनांमधून अशी वाक्ये गोळा करावीत. रोज पाच वाक्ये मोठ्याने म्हणा, त्यांत सर्वनामे बदला, क्रियापद तेच ठेवा. महिनाभर नेमाने केले तर 'टू' आणि विसरलेला 'इट' दोन्ही चुका हळूहळू सुटतील. मराठी माध्यमातून शिकलो म्हणून इंग्रजी जमणार नाही, ही भीती मनातून काढून टाका. वाक्याची बांधणी समजली की भाषा येते, आणि ती समजून घेण्याची शिदोरी मराठी व्याकरणाने तुम्हाला आधीच दिलेली आहे.